बारा माग, दोन माणसं आणि तंबाखूची खूण: बिनसंवादाची फिल्म करताना

आमच्या इचलकरंजीत माग चालू असताना कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. साध्या यंत्रमागाचा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, मिनिटाला शंभराच्या वर वेळा इकडून तिकडे फेकला जातो, असे दहा-बारा माग एका पत्र्याखाली सुरू झाले की आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि मग कानाला तोंड लावून ओरडलं तरी निम्मंच पोचतं. म्हणून सगळा कारभार हातांवर चालतो. कांडी (धोट्यातली सुताची गुंडाळी) संपली, जॉबरला बोलव, दिवाणजी आला, चहा सांग, सगळ्याला खुणा आहेत आणि त्या कुणी बसून शिकवत नाही, कामाला लागलं की आपोआप येतात. लँकेशायरच्या जुन्या कापडगिरण्यांत पण हेच होतं, तिथल्या विणकर बायका ओठ मोठेमोठे हलवून आणि हातवारे करून बोलायच्या, त्या बोलण्याला मी-मॉइंग असं नावच पडलं होतं. आमच्याकडे तसं नाव नाही पण गोष्ट तीच. माझे वडील जॉबर, म्हणजे माग बिघडला की खोलून दुरुस्त करणारे. ते घरी जेवताना पण पाणी पाहिजे असलं की अंगठा ओठाकडे न्यायचे आणि आई भाकरी थापता थापता तांब्या पुढे सरकवायची.

मी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो, हाच धंदा. त्यात सगळं गाण्यावर चालतं, नवरी रडली की एक गाणं, वरात निघाली की दुसरं, आणि लोकांना ते आवडतं, मला पण ते काम मनापासून आवडतं. पण बरीच वर्षं डोक्यात होतं की एकदा अशी फिल्म करायची ज्यात संवाद नाही, गाणं नाही, मागून कुणाचं निवेदन नाही, आणि तरी बघणाऱ्याच्या आत काहीतरी हललं पाहिजे. संवाद नसलेल्या शॉर्टफिल्म मी भरपूर बघितल्यात, यूट्यूबवर ढीग पडलाय, आणि त्यातल्या बऱ्याच बघताना मला सारखं वाटतं की अरे ही दोघं बोलत का नाहीयेत? समोरासमोर बसलेत, दोघांना तोंड आहे, मनात एवढं साचलंय, मग बोला की. डायरेक्टरला संवाद नको होते म्हणून ती गप्प आहेत, आणि ते दिसतं. माझं मत पक्कं झालं होतं की गप्प राहायला पात्राकडे स्वतःचं कारण पाहिजे. आणि ते कारण तर माझ्या घरामागच्या गल्लीत रात्रंदिवस खडखडत होतं.

निमित्त मिळालं ते ओळखीतल्या एका मालकामुळे. त्यांच्याकडे बारा साधे माग, त्यांच्या वडिलांच्या वेळचे, ते सगळे भंगारात काढून त्या जागी रेपियर, म्हणजे बिनधोट्याचे नवे माग, घ्यायचं त्यांनी ठरवलं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाचं पोट ह्याच खटखटीवर चाललंय, आणि आता हे जुने माग किलोच्या भावाने जाताना आम्ही सगळे बघतोय. बिडाच्या फ्रेमा घणाने फोडतात, टेम्पोत भरतात, टेम्पो वजनकाट्यावर जातो, संपलं. मालक म्हणाले, एकदम नाही काढणार, गिऱ्हाईक येईल तसे दोन-दोन तीन-तीन जातील, तू काय शूट करायचं ते कर, फक्त कामगारांचं काम थांबवायचं नाही.

हे ऐकलं आणि फिल्मचा सांगाडा तिथेच उभा राहिला. बारा मागांचा आवाज, मग नऊ, मग सहा, मग दोन, मग काहीच नाही. आवाज कमी होत जाईल तसं बोलणं शक्य होत जाईल. आणि शेवटी जेव्हा खरोखर बोलता येईल तेव्हा ही माणसं काय करतील, एवढाच प्रश्न घेऊन मी बसलो.

त्या कारखान्यात समोरासमोरच्या ओळीत काम करणारे दोघंजण आहेत, इथे त्यांना अण्णा आणि मामा म्हणतो. दोघं पन्नाशीच्या पुढचे, एकाच पाळीत वर्षानुवर्षं. मी कॅमेरा न काढता नुसता कोपऱ्यात उभा राहून त्यांना बघत होतो तेव्हा एक गोष्ट दिसली. मामांना तंबाखू पाहिजे असली की ते मागाच्या पलीकडून डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासतात. अण्णा बघतात, खिशातली पुडी काढतात आणि चालत्या मागांच्या वरून फेकतात, मामा झेलतात, मळतात, चिमूट तोंडात टाकतात आणि पुडी परत फेकतात. ह्यात एकही शब्द नाही, दोघांच्या चेहऱ्यावर काही भाव पण नाही, आणि त्या दोघांचं काय नातं आहे ते सगळं त्यात आहे. घरी येऊन मी वहीत लिहिलं, तंबाखू तीन वेळा. पहिल्यांदा बारा माग चालू असताना, दुसऱ्यांदा निम्मे गेल्यावर, तिसऱ्यांदा सगळं रिकामं झाल्यावर. खूण तीच ठेवायची, बदलेल ते फक्त भोवतालचं.

ही गोष्ट मला कुठून सुचली ते पण सांगतो, कारण ती माझ्या एकट्याच्या डोक्यातली नाही. कानेतो शिंदो ह्या जपानी दिग्दर्शकाची १९६० ची 'द नेकेड आयलंड' नावाची फिल्म आहे, जवळजवळ संवादच नाहीत. एका छोट्या बेटावर एक कुटुंब राहतं, बेटावर गोडं पाणी नाही, नवरा-बायको होडीतून दुसऱ्या काठावर जाऊन पाणी आणतात, खांद्यावर कावड घेऊन उभा चढ चढतात आणि एकेका रोपाला ओतून घालतात. परत खाली, परत होडी, परत चढ. पहिल्यांदा बघताना वाटतं की किती वेळ हेच दाखवणार, आणि मग एकदा बायकोचा तोल जातो, बादलीतलं पाणी सांडतं, नवरा तिच्या थोबाडीत मारतो. त्या क्षणी आपण दचकतो, कारण तोवर आपण पण तेवढं पाणी वाहिलेलं असतं. कोणी आपल्याला पाण्याची किंमत तोंडाने सांगितलेली नसते. मी ही फिल्म किती तरी वेळा बघितली आणि दरवेळी मला हेच दिसलं की भावना चेहऱ्यात कमी असते आणि रोजच्या कामात जास्त असते, ते काम पुन्हा पुन्हा दाखवलं आणि एकदा त्यात थोडा बदल झाला की बघणारा बाकीचं स्वतः भरतो. माझी सगळी फिल्म ह्या एका गोष्टीवर उभी आहे.

मग स्क्रिप्ट. संवाद नसतील तर कागदावर लिहायचं काय? मी चित्रं काढायला बसलो. कोल्हापूरला खरी कॉर्नरवर कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, जाता-येता आपण सगळे बघतो, तो बाबूराव पेंटरांच्या आठवणीसाठी. हा माणूस मुळात चित्रकार, स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि शूटिंगच्या आधी पात्रांची, कपड्यांची, हालचालींची स्केचेस काढून ठेवायचा. त्यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' तर माझ्या विषयाच्या अगदी जवळचा, सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. ती मूक फिल्म आज बघायला मिळत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं, आपल्या मूकपटांतले बहुतेक असेच गेले. तर मी पण पेन्सिल घेतली. मला काही पेंटरांसारखं येत नाही पण चौकट कळते, कुठे हात, कुठे माग, कुठे मोकळी जागा. एकेका कागदावर एकेक शॉट आणि खाली एकच ओळ लिहायची, ह्या शॉटमध्ये बघणाऱ्याला नवीन काय कळलं. जिथे ती ओळ लिहिता आली नाही तो कागद बाजूला. हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतला नाही, पण संवाद नसतात तेव्हा प्रत्येक शॉटने स्वतःचं पोट स्वतः भरलं पाहिजे, पुढच्या वाक्याच्या जिवावर तो जगू शकत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात की मूकपटांत पण बोलणं असायचंच, पाट्यांवर लिहिलेलं. मधे मधे काळी पाटी यायची, त्यावर वाक्य. पाट्याच नकोत असा हट्ट धरणारे थोडे. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊने १९२४ मध्ये 'द लास्ट लाफ' केला त्यात संवादाच्या पाट्या नाहीत, अख्ख्या फिल्मला निवेदनाची एकच पाटी आहे. मोठ्या हॉटेलचा म्हातारा दरबान, त्याला रुबाबदार गणवेश, तो घातला की ताठ, चाळीत मान. मग मॅनेजर त्याला संडास-बाथरूमच्या कामावर टाकतात आणि अंगावरचा कोट उतरवून घेतात. एमिल यानिंग्जने ते काम केलंय, कोट गेल्यावर त्याची पाठ जी वाकते ती बघून मला गावातले किती तरी लोक आठवले, माग विकल्यावर दुपारी चौकात बसलेले. तिथे कोट आहे, माझ्याकडे काय आहे हा प्रश्न मग मी वहीत लिहून ठेवला. उत्तर शूटिंगच्या वेळी मामांनीच दिलं, ते पुढे सांगतो.

शूटिंगचं थोडक्यात सांगतो कारण ज्यांना करायचंय त्यांना उपयोगी पडेल. कारखान्यात जुन्या चोकच्या ट्यूबलाइट, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं की उजेड लपलपत नाही, तसं नाही केलं तर पट्टे येतात. हवेत सुताचा बारीक कापूस सतत उडत असतो, लेन्स दर थोड्या वेळाने पुसायची आणि लेन्स बदलायची तर बाहेर जाऊनच. मी मुद्दाम जादा लाइट लावले नाहीत, दुपारी पत्र्यातल्या पारदर्शक शीटमधून एक पट्टा खाली येतो आणि त्यात तो कापूस तरंगताना दिसतो, तेवढा पुरतो. आणि १/५० चा एक फायदा असा झाला जो मी ठरवून आणला नव्हता. चालत्या मागात धोटा दिसतच नाही. नुसती एक पुसट रेघ इकडून तिकडे. माग बंद पडला की तो एकदम दिसतो, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात कांडी. म्हणजे जिवंत असताना अदृश्य आणि थांबल्यावर स्पष्ट. ते लक्षात आल्यावर मी पूर्ण फिल्मभर धोट्याचा शॉट त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने घेतला, जेणेकरून फरक फक्त तेवढाच दिसावा.

कलाकार म्हणजे अण्णा आणि मामा स्वतःच. सुरुवातीला कॅमेरा बघितला की मामा केस नीट करायचे, खिशातून छोटा कंगवा काढून. अण्णा लेन्सकडे बघून पोटात हवा ओढून उभे. हे सगळीकडे होतं, लग्नात तर हजारदा बघितलंय. मी त्यांना भाव दाखवा असं कधीच म्हटलं नाही. वाईट वाटल्यासारखं करा म्हटलं की माणूस भुवया वर करतो आणि सगळं खोटं होतं. त्याऐवजी मी काम सांगायचो. अण्णा, ही तार तुटली की गाठ मारा. मामा, कांडी बदला. तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, शोधणं, दोन टोकं चिमटीत धरणं, डोळ्यांजवळ नेणं, अंगठ्याने सरकवून गाठ मारणं आणि माग परत चालू करणं ह्यात माणूस इतका बुडतो की कॅमेरा राहतोच नाही. त्यांचे चेहरे मला तिथेच मिळाले. अण्णांच्या उजव्या तर्जनीला सुताने पडलेली एक बारीक खाच आहे, कायमची. ती मी जवळून घेतली, ८५ ची लेन्स लावून, आणि तो शॉट फिल्ममध्ये फार नाही, दोन-अडीच सेकंद असेल, पण ज्यांनी माग चालवलाय ते सगळे त्या शॉटला आपल्या बोटाकडे बघतात.

माग फोडायचा पहिला दिवस. भंगारवाल्याची माणसं घण घेऊन येणार होती. मी सकाळीच जाऊन बसलो. त्यांच्या आधी मामा आले, पाळी नव्हती तरी आले. त्यांनी जाणाऱ्या तिन्ही मागांतून धोटे काढून घेतले, गळ्यातल्या टॉवेलने एकेक पुसला, टोपीवरचं तेल पुसलं, आतली अर्धी कांडी काढून पिशवीत टाकली आणि तिन्ही धोटे खिडकीत एकाशेजारी एक ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, मामा हे कशाला, भंगारात जाणारच की सगळं. ते म्हणाले, "आरं लाकडाचं हाय ते, लोखंडाच्या भावात कशाला घालायचं." एवढं बोलून बाहेर चहाला गेले. 'द लास्ट लाफ'मधला कोट मला असा मिळाला. पुढे दरवेळी माग गेले की खिडकीतले धोटे वाढत गेले, मी फक्त खिडकीचा तोच शॉट परत परत घेत राहिलो. बघणाऱ्याला किती माग गेले ते आकडा न सांगता कळतं.

घणाचा शॉट मी दोन प्रकारे घेतला, एकदा फोडणारा दिसतो आणि एकदा नुसते अण्णा-मामा दिसतात, फोडणं फक्त ऐकू येतं आणि दर घणाला जमिनीवरचा कापूस किंचित उडतो. फिल्ममध्ये दुसरा ठेवला. घण दाखवला की डोळा घणाकडेच जातो, ताकदीकडे जातो, आणि माणूस मागे पडतो.

आता एडिटिंग. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि खरं तर फिल्म इथेच झाली. अण्णांचा एक क्लोजअप माझ्याकडे होता, कुठे तरी बघतायत, चेहरा अगदी साधा. खरं म्हणजे ते चहावाला पोरगा आला का ते बघत होते. हा शॉट मी चहाच्या किटलीच्या आधी लावला तर नुसता चहाची वाट बघणारा माणूस, खिडकीतल्या धोट्यांच्या आधी लावला तर असं वाटतं की ह्या माणसाला आतून काहीतरी कापत जातंय. चेहरा तोच! शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशॉव्हने मोझुखिन ह्या नटाचा एकच चेहरा एकदा सूपशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडून हेच दाखवलं होतं, सगळ्या फिल्मच्या पुस्तकांत ते असतं, मी पण वाचलेलं होतं. पण आपल्या ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर ते घडताना बघितलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. कारण ह्यात जबाबदारी पण येते. अण्णांना न विचारता मी त्यांच्या चेहऱ्यात दुःख भरत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना तो जोड दाखवला आणि विचारलं की असं ठेवू का. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, "ठेव. बघायचो मी तसं, तू नव्हतास तवा."

मग शॉट किती लांब ठेवायचा ही दुसरी झुंज. लग्नाच्या व्हिडिओत दोन-तीन सेकंदांवर शॉट राहिला तर लोक पुढे ढकलतात, माझ्या बोटांना तीच सवय. इथे मी वेगळं मोजायला लागलो. पहिली खूण बघणाऱ्याला समजायला जेवढा वेळ लागतो तेवढा शॉट, त्यापेक्षा एक श्वास जास्त. दुसऱ्या वेळी ती ओळखीची झालेली असते म्हणून छोटी. तिसऱ्या वेळी मात्र खूप लांब, कारण आता बघणारा खूण समजून घेत नसतो, पुढे काय होणार ह्याची वाट बघत असतो, आणि त्या वाट बघण्यातच सगळं आहे.

आवाजाचं काम माझ्या दृष्टीने चित्राइतकंच महत्त्वाचं होतं. संवाद नाहीत म्हणजे आवाज नाही असं थोडंच आहे. सगळे माग एकदम चालू असताना रेकॉर्ड केलं तर नुसता गोंगाट मिळतो, म्हणून मालकांना विनंती करून एकेक माग एकटा चालवून त्याचा आवाज वेगळा घेतला, गेन, म्हणजे आवाज पकडायची पातळी, खूप खाली ठेवून. आणि तेव्हा कळलं की प्रत्येक मागाचा सूर वेगळा आहे, एकाचा मार जड बसतो, एकाची फणी किंचित वाजते, एक मधेच अडखळतो. वडिलांना ऐकवलं तर डोळे मिटून सांगायला लागले, ह्याचा पट्टा ढिला हाय, ह्याचा बोल्ट गेलाय. टाइमलाइनवर बारा मागांचे बारा ट्रॅक केले आणि चित्रात माग गेला की त्याचा ट्रॅक काढून टाकायचा. बघणाऱ्याला कळत नाही की नक्की काय कमी झालं पण अंगाला कळतं.

शेवटी सगळे ट्रॅक गेल्यावर मी आधी पूर्ण शांतता ठेवली होती, म्हणजे खरोखर शून्य. मित्राच्या दुकानात चार जणांना दाखवलं तर तिघांनी स्पीकरकडे बघितलं, केबल निघाली का म्हणून. शून्य आवाज हा कानाला बिघाड वाटतो. मग परत जाऊन रिकाम्या कारखान्याचा आवाज घेतला. ट्यूबच्या चोकची गुणगुण, पत्र्यावर कबुतराची नखं, लांब कुठल्या तरी गल्लीत चालू असलेले दुसऱ्याचे माग. तो ऐकला आणि शांतता खरी वाटायला लागली. 'पुष्पक' सगळ्यांनी बघितलाय, सिंगीतम श्रीनिवास राव यांचा, १९८७ चा, एकही संवाद नाही. त्यात कमल हासन गोंगाटातल्या खोलीतून भारी हॉटेलात येतो आणि शांततेत त्याला झोपच येत नाही, मग तो आपल्या जुन्या वस्तीतला गोंगाट टेपवर आणतो आणि तो लावून झोपतो. लोक त्या सीनला हसतात. आमच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला तो सीन वेगळा दिसतो, लहानपणी रात्री लाईट गेली आणि सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले की मी झोपेतून दचकून उठायचो, आणि लाईट आली, खटखट सुरू झाली की परत गाढ झोप.

म्युझिक लावून बघितलं का, तर हो, बघितलं. बासरी लावली, नुसता तंबोरा लावला. दोन्ही वेळा असं झालं की खिडकीतले धोटे दिसायच्या आधीच बासरी सांगून मोकळी की आता वाईट वाटून घ्या. मग बघणाऱ्याला करायला काही उरतच नाही. काढून टाकलं.

आणि शेवटचा वाद, जो आमच्यात बरेच दिवस चालला. तिसऱ्या तंबाखूच्या वेळी कारखाना रिकामा आहे. माग गेलेत, जमिनीवर बोल्टची भोकं आणि तेलाचे काळे डाग, डागांवरून पण कळतं कुठे कुठला माग होता. अण्णा एका भिंतीला टेकून, मामा दुसऱ्या. कॅमेऱ्याला मदत करणारा माझा मित्र म्हणाला, इथे मामांनी तोंडाने विचारलं पाहिजे, तंबाखू हाय का? अकरा मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिला आणि शेवटचा शब्द, लोकांच्या अंगावर काटा येईल. त्याच्या म्हणण्यात दम होता हे मला मान्य आहे, म्हणून दोन्ही शूट केलं. मामांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज त्या मोकळ्या जागेत घुमला, छान वाटलं ऐकायला, पण मग आपलं लक्ष आवाजावर जातं, अच्छा असा आवाज आहे ह्यांचा, आणि गोष्ट आवाजाची होऊन बसते. दुसऱ्यात मामा काही बोलत नाहीत. पलीकडून तळहातावर अंगठा घासतात, तसाच, इतक्या वर्षांची सवय. आता मधे काहीच नाही, कुजबुजले तरी ऐकू जाईल. अण्णा पुडी काढतात, फेकायला हात उचलतात, थांबतात, आणि चालत जातात. त्या चालण्यात ते जिथे माग होते ती जागा वळसा घालून जातात, सरळ रिकाम्या फरशीवरून जात नाहीत. हे मी सांगितलेलं नव्हतं. पायांना ती वाट माहीत होती. तो वळसा बघितल्यावर मित्रानेच स्वतःहून सांगितलं, शब्द राहू दे.

मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवली तेव्हा निम्मे लोक कामगार आणि त्यांच्या घरचे. मी पडद्यापेक्षा लोकांकडे जास्त बघत होतो. पहिल्या खुणेला पोरं हसली, मोठ्याने, कोण तरी ओरडलं मामा! दुसरीला थोडी कमी. तिसऱ्या वेळी अण्णांनी हात उचलला आणि थांबवला तेव्हा मागून एका बाईंचा आवाज आला, "जा की जवळ." त्या वळशाला मात्र कुणीच काही बोललं नाही, फक्त मागवाल्यांच्या रांगेत दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेरून पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला तो वळसा लक्षात आला नाही, त्याला अण्णा दमलेत असं वाटलं. दोन्ही मला चालतं. चित्रावर सोडलं की प्रत्येकजण आपापलं घेऊन जाणार, सगळ्यांना एकच पोचवायचं असेल तर मग पाटीच लिहावी.

नंतर चहा चालू असताना वहिफणीचं काम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या. वहिफणी म्हणजे नवीन बीम (उभं सूत गुंडाळलेला मोठा रूळ) आलं की त्याची हजारो सुतं एकेक करून वहीतून, म्हणजे मागाच्या तारांच्या चौकटीतून, आणि मग फणीच्या दातांतून ओढून घ्यायची, मागच्या बाजूने एकजण सूत पुढे करतो आणि पुढून दुसरा आकड्याने ओढतो, दोघांमध्ये सुतांचा पडदा. "पोरा, सगळं दावलंस," म्हणाल्या, "आमचं काम कुठं हाय ह्यात?" खरंच नव्हतं. त्यांनी मला त्यांच्याकडे बोलावलंय आणि मी जायला लागलोय, अजून कॅमेरा नेलेला नाही. त्या आणि त्यांची सून समोरासमोर बसतात, मधल्या सुतांमुळे एकमेकींचा चेहरा नीट दिसत नाही, सून एकेक सूत पुढे करते आणि सासू ओढते, एक चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. तिथे आवाज नाही, बोलता येतं, आणि त्या दोघी दिवसभर बोलत असतात. म्हणून ह्या वेळी संवाद ठेवायचे की नाही ते अजून ठरवलेलं नाही, सध्या वहीत फक्त बोटांची चित्रं काढतोय.